बदकं बोलावणारी पिपाणी

आई, तुला बदकं बोलावता यायची, ही गोष्ट आता जगात फक्त मला माहीत आहे. बाबा गेले, त्यांचे ते बंदूकवाले मित्र गेले, धरणाच्या वसाहतीतले लोक कुठे कुठे पांगले. त्यातलं कोणी उरलं असेल आणि त्याला विचारलं, तर तो अजून हेच सांगेल की साहेब काय सुंदर कॉल द्यायचे, आकाशातून गेलेलं बदक माघारी वळायचं. साहेब! बाबांना धड शिट्टी मारून घरचं कुत्रं बोलावता येत नव्हतं. फुंकणारी तू होतीस. तू जाऊन एकवीस वर्षं झाली. मी सिंगापुरात, बेडोकमधल्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. आज संध्याकाळी साडेसातच्या बसने तुझी नात मलेशियाला चालली आहे, आणि तिला थांबवायला मी परवा जे केलं ते मी तुझ्याकडूनच शिकले. मला राग आलाय. तुझाच आलाय, आडवळणाने कशाला सांगू.

तू तिला पाहिलं नाहीस, तू गेल्यावर वर्षभराने झाली. आता वीस वर्षांची आहे, इथल्याच युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर शिकते, हॉस्टेलवर राहते. दोन वर्षं व्यवस्थित चाललं होतं. आणि आता बाईसाहेब मध्येच एक वर्ष सोडून तिकडे तेरेंगानूच्या किनाऱ्यावर कोण्या म्हाताऱ्याकडे लाकडी होड्या बांधायला शिकणार आहेत. होड्या! घरात कोणाला पोहता येत नाही. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, 'जाऊ दे गं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे.' ह्यांचं सगळं असंच असतं. मी मात्र पंधरा दिवस तिच्याशी भांडले, मग पंधरा दिवस अबोला धरला. एक वर्ष म्हणून गेलेलं माणूस परत येऊन तेच माणूस राहतं का, हे मला विचारा. म्हणजे, मला कसं माहीत असणार म्हणा. मी कधी गेलेच नाही.

बाबांचा तो लाकडी खोका आठवतो? आत हिरवं बनातीचं कापड, आणि प्रत्येक कॉलला वेगळी खाच. अकरा होते. शिसवीचे, अक्रोडाचे, एक शिंगाचा. एखादा कोणी विलायतेहून आणून दिलेला, एखादा जुन्या इंग्रज साहेबाच्या सामानाच्या लिलावात मिळालेला. बाबा त्यांना कॉल म्हणायचे, तू पिपाण्या म्हणायचीस आणि ते चिडायचे. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की मित्रमंडळी बाहेरच्या खोलीत पान लावत बसायची आणि अकरांची तुलना सुरू व्हायची, कोणता सगळ्यांत खरा वाटतो याची. मग बाबा म्हणायचे, 'लांबून ऐका, म्हणजे कळेल,' आणि खोका घेऊन स्वयंपाकघरात येऊन दार लोटून घ्यायचे. बाहेरच्यांना वाटायचं साहेब फुंकतायत. साहेब पिठाच्या डब्यावर बसून पाय हलवत असायचे. तू ओल्या फडक्याने प्रत्येक पिपाणीचं तोंड तीनतीनदा पुसायचीस. उष्ट्याखरकट्याचं एवढं बघणारी तू, माझ्या पेल्यातलं पाणी कधी प्यायली नाहीस. पण चार पुरुषांनी चघळलेल्या त्या पिपाण्या ओठांना लावायचीस, आणि कधी चकार शब्द काढला नाहीस.

माझी जागा मागच्या अंगणात. नळापाशी पायाला दोरी बांधलेलं एक हळदीकुंकू बदक होतं, पंखात छर्रा लागून बाबांच्या हाती जिवंत सापडलेलं. तू आतून फुंकायचीस आणि मी बघायची की त्याने मान वर केली का, उत्तर दिलं का, की ते चिखलात चोच घालून बसलं. कोळशाने भिंतीवर खुणा करायची. पहिला बरा, चौथा एकदम खोटा, आठव्याला त्याने नुसता एक डोळा उघडला. हळूहळू मला बदकाकडे बघायची गरज उरली नाही. पाठ करून उभी राहिले तरी अकराच्या अकरा ओळखता यायच्या, आणि त्यात तू कुठे दमलीस, कुठे वैतागलीस, कुठे बाबांवर रुसून फुंकते आहेस, तेही कळायचं. 'पोरीचा कान तिखट आहे,' असं तू एकदाच म्हणालीस, तेही मोलकरणीला. मला ते ऐकू आलं. माझ्या आयुष्यातलं तुझं तेवढंच एक कौतुक.

बारावी पिपाणी तुझी. बाबा कुठूनशी फुटकी नळी घेऊन आले होते, आतली पातळ पट्टी, जिला ते जीभ म्हणायचे, ती गेलेली. तू तुझी हार्मोनियम उघडलीस, तिच्यातला एक पितळी सूर काढलास आणि दोन दुपारी कानशीने घासत बसलीस. घासायचं, बसवायचं, फुंकायचं, परत काढायचं. तिसऱ्या दुपारी अंगणातलं बदक दोरी ताणून स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत आलं. बाबा इतके खूश झाले! पिपाणी त्यांनी खिशात घातली आणि संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं की मी बनवली. तुझ्या पेटीतली ती पट्टी त्यानंतर मुकीच राहिली. गुरुवारी भजन म्हणताना तू तिथे नुसतं बोट टेकवून पुढे जायचीस. मी दहा वर्षांची होते, मला रडू यायचं, आणि तुला काही वाटत नव्हतं. किंवा वाटत असेल. तू दाखवलंस कधी?

डिसेंबरातली एक सकाळ आहे. घरी ठेवायला कोणी नाही म्हणून मलाही आणलंय. लव्हाळ्यात आडोसा केलाय, आत बाबा, तू आणि मी. मित्र पलीकडच्या काठाला, आम्ही त्यांना दिसत नाही. तू डोक्यावरून घोंगडी घेतली आहेस, कानात कापूस, पायाखाली चिखल. वीसेक बदकं उंचावरून येतात आणि आमच्या डोक्यावरून सरळ निघून जातात. बाबा हाताने खूण करतात. तू एक छोटा श्वास घेतेस आणि परत फिरवायची हाक देतेस, आधी लांब, मग आखूड, मग आणखी आखूड. मला अजून अंगावर काटा येतो आई, ती हाक इतकी मायेची होती. इथे सगळं ठीक आहे, खायला आहे, आपली माणसं आहेत, या. आणि ती वळतात. सगळी. पाय पुढे काढून पाण्यावर उतरायला लागतात, आणि बाबा उठून उभे राहतात.

परतताना जीपमध्ये मी तुला विचारलं, 'ती तुझं ऐकून आली ना गं?' तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, 'मी नुसती पिपाणी वाजवते. बंदूक माझ्या हातात नाही. आणि पुन्हा असला आगाऊपणा केलास तर थोबाडीत देईन.' घरी येऊन तू डोक्यावरून अंघोळ केलीस, मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकलंस. बदकं शिपायाने अंगणात तीन दगडांवर शिजवली, तुझ्या भांड्यांना त्यांचा वाससुद्धा लागू दिला नाहीस. बाहेर मित्र ओरडत होते, 'साहेब, कमाल केलीत, काय वळवलीत!' आणि तू चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेलीस, आणि हसलीस. ते हसणं मी तुला कधी माफ केलं नाही. गोळी बाबांची, नाव बाबांचं, आणि तू अंघोळ करून मोकळी! कसं काय जमायचं तुला?

मग मी तेवीस वर्षांची. पुण्यात फिजिक्सची एम.एस्सी. झाली आहे, हॉस्टेलवर राहते, आणि मला एक काम मिळालंय. कच्छच्या बाजूला खाऱ्या दलदलीत तंबू ठोकून दीड वर्ष पक्ष्यांचे आवाज टेपवर घ्यायचे. मुलाखतीत त्यांनी मला तीस आवाज ऐकवले होते आणि मी अठ्ठावीस ओळखले. सोमवारी गाडी होती. शनिवारी रेक्टरबाईंच्या खोलीत तुझा ट्रंक कॉल आला. 'काही नाही गं,' तू म्हणालीस. 'बाबांच्या छातीत दुखतंय. तू घाबरू नकोस. पण ये.' मी बॅग उचलली आणि आले. बाबा ओसरीवर स्टुलावर बसून बंदूक पुसत होते, ठणठणीत. रविवारी चार माणसं मला बघायला येणार होती. 'आता आलीच आहेस तर,' तू म्हणालीस, 'बस जरा त्यांच्यासमोर.' सोमवारची गाडी गेली. माझ्या जागी कोणी दुसरा गेला असेल. मला पसंत केलेला तो मुलगा म्हणजे हे. वाईट नाहीत, कधीच नव्हते. तेही त्या बंदुकीसमोरचं आणखी एक बदकच म्हणायचं, फक्त त्यांना अजून पत्ता नाही.

आणि कळस म्हणजे सासरी पाठवताना माझ्या ट्रंकेत, खणात गुंडाळून, तू ती पितळी जिभेची पिपाणी घातलीस. बाबांच्या खोक्यातून चोरून काढली असणार. दागिन्यांबद्दल दहा सूचना दिल्यास, पिपाणीबद्दल एक अक्षर नाही. मी ती बघितली आणि मला वाटलं, ही माझी टिंगल करते आहे. तशीच ट्रंकेच्या तळाशी लोटून दिली. तू जिवंत असेपर्यंत मी तिला तोंड लावलं नाही. तू गेल्यावर दिवसांना आले होते, तेव्हा तुझी खोली आवरता आवरता मला अचानक तो आवाज ऐकावासा वाटला. सिंगापूरला परत येऊन पिपाणी काढली, फुंकली. आत पितळ गंजलं होतं. नुसती हवा आली.

तेव्हापासून मी जमवते आहे. हसशील, हस. आता सगळं इंटरनेटवरून घरपोच मिळतं. एक जिभेच्या, दोन जिभांच्या, लाकडाच्या, रंगीत ॲक्रिलिकच्या, अमेरिकेतल्या कोणी गॅरेजमध्ये हाताने कातलेल्या. पस्तीस आहेत. ज्या देशात बंदूक जवळ बाळगली तर तुरुंगात टाकतात, त्या देशात तुझी लेक शिकारीच्या पिपाण्यांचा संग्रह करते. रोज तुआसच्या कारखान्यात पंपांचे आवाज तपासायचे. बेअरिंग जायला आलंय हे मीटरच्या आधी मला कळतं, पोरं मला घाबरतात. आणि रविवारी घरी पिपाण्या. दुरुस्त करून घेतलेली तुझी एकीकडे ठेवायची, नवी आलेली दुसरीकडे, आणि परत फिरवायची हाक दोन्हीवर द्यायची. लांब, आखूड, आणखी आखूड. एकीतूनही ती तुझी हाक येत नाही. तुझ्या स्वतःच्या पिपाणीतूनसुद्धा येत नाही! एकदा शेजारची चिनी आंटी दारात उभी. 'यू कीप डक आह? फ्लॅट कॅनॉट कीप डक, यू नो.' मी नाही म्हटलं, तिचा विश्वास बसला नाही. आठवड्याने हाउसिंगच्या ऑफिसातला एक माणूस वही घेऊन आला, बाथरूममध्ये वाकून बघून गेला. मी त्याला टेबलावरच्या पस्तीस पिपाण्या दाखवल्या, तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यापेक्षा खरंच बदक असतं तर बरं झालं असतं.

आणि हो, माझ्या अंगणातल्या जागी कोण असायचं? तुझी नात. पाच-सहा वर्षांची होती तेव्हापासून. बदक नव्हतं, म्हणून मी लॅपटॉपवर खऱ्या बदकाचा आवाज लावायची, मग पिपाण्या, आणि ती बाल्कनीतून, इथल्या त्या लाह-आह लावलेल्या इंग्रजीत, ओरडून मार्क द्यायची. 'सेव्हन!' 'थ्री लाह, व्हेरी फेक!' तिला त्यात मजा वाटायची. मीही तिला कधी सांगितलं नाही की तिचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे. त्याऐवजी गोष्ट सांगितली, ट्रंक कॉलची. अगदी लहानपणापासून, पुन्हा पुन्हा. भात कालवताना, शाळेच्या बसची वाट बघताना, तिच्या प्रत्येक हट्टाच्या शेवटी. माझ्या आईने मला खोटं बोलावून घेतलं आणि माझं आयुष्य त्या दिवशी संपलं, अशी ती गोष्ट. ती गंभीर चेहऱ्याने ऐकायची आणि म्हणायची, 'आजी सो मीन.' मला बरं वाटायचं. खरंच सांगते, फार बरं वाटायचं.

परवा, गुरुवारी, कारखान्यातून आले. ह्यांना यायला उशीर होता. समोरच्या ब्लॉकला देशाच्या पन्नाशीचा गेल्या वर्षीचा झेंडा अजून लटकतोय, त्याच्याकडे बघत बराच वेळ बसले. मग फोन उचलला. पंधरा दिवस बोललो नव्हतो. तिने 'हॅलो' म्हटलं, आणि मी म्हणाले, 'काही नाही गं. छातीत जरा धडधडतंय. तू घाबरू नकोस. पण ये.' ठरवून नाही बोलले आई, शप्पथ. तोंड उघडलं आणि आख्खं वाक्य बाहेर पडलं, तुझ्या आवाजात. इतकी वर्षं पस्तीस पिपाण्यांतून जे निघालं नाही, ते त्या दिवशी फुकट निघालं.

मग ती म्हणाली, 'आई, दॅट वन फेक लाह.'

मी म्हटलं, 'म्हणजे काय? मी खोटं बोलते?'

'आय कॅन हिअर,' ती म्हणाली, आणि मग मराठीत, तिच्या त्या अडखळत्या मराठीत, 'तुला खरंच बरं नसलं ना, की तू आधी माझ्यावर ओरडते. आज तू आधी श्वास घेतला.' आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. 'आय गो सॅटर्डे, ओके? तू आजीसारखं नको करू. शनिवारी दुपारी येते भेटायला.' आणि तिने फोन ठेवला.

पहिला दिवस मी तुझ्या नावाने बोटं मोडली. तुझ्यामुळे मी अशी झाले, तुझी हाक माझ्या गळ्यात येऊन बसली, मेल्यावरसुद्धा पाठ सोडत नाहीस, सगळं मनसोक्त बोलून झालं. काल तुआसला एका पंपापाशी कान लावून उभी होते आणि तिचं वाक्य डोक्यात परत आलं. आज तू आधी श्वास घेतला. तेव्हा मला आठवलं आई. तूही घेतला होतास. रेक्टरबाईंच्या खोलीतल्या त्या फोनवर, 'बाबांच्या छातीत' म्हणायच्या आधी, तोच छोटा श्वास, लव्हाळ्यातला. आणि तुझ्या मागे बाबा खाकरले होते, चहा पिऊन झाला की खाकरतात तसे.

मी अकराच्या अकरा ओळखणारी मुलगी होते. मला कळलं होतं. पहिल्याच श्वासाला कळलं होतं. मी बॅग उचलली, ती बाबांच्या काळजीने नव्हे. त्या दलदलीची मला भीती वाटत होती, तंबूची, सोबत असणार होते त्या सात परक्या पुरुषांची, आणि सगळ्यांत जास्त ते दोन आवाज, जे मला ओळखता आले नव्हते, त्यांची. जाऊन मी तिथे कमी पडले असते तर? तू बोलावलंस आणि मी सुटले. बसमध्ये मला झोप लागली, गाढ. इतक्या वर्षांत ती झोप मी कोणाला सांगितली नाही. सगळं तुझ्यावर ढकललं, आणि तू चहाचा ट्रे घेऊन हसलीस तशी मीही हसत राहिले, पोरीला गोष्ट सांगत. तू मला फसवलंस हे खरं आहे, ते मी माफ करत नाही. पण तुझ्या बदकांना कळलं नव्हतं, आणि मला कळलं होतं.

तुझी नात दुपारीच आली आहे. आतल्या खोलीत बॅग भरते आहे, ह्यांच्याशी हसत बोलते आहे, मधूनच मला हाक मारून विचारते, 'आई, टॉर्च कुठे?' आईच्या आईने आईला फसवलं, म्हणून आई अशी, असंच ती समजून चालली आहे, आणि म्हणूनच माझ्यावर रागावलेलीसुद्धा नाही. सहा वाजून गेले. तिला सांगायचं ते मी तुला लिहीत बसले आहे, कारण तू उलटून काही विचारणार नाहीस.